पानावरचा चावा

साहेब दांडीवर नव्हता. पिंजऱ्याच्या तळाशी, कागदावर, पिसं फुगवून बसला होता आणि दर श्वासाला त्याची शेपटी वरखाली होत होती. तिनं हातातला चहा ओट्यावर ठेवला आणि गुडघ्यांवर बसून आत बघितलं. चोच अर्धवट उघडी, डोक्यावरचा पिवळा तुरा मागे पडलेला. हा तुरा ताठ करून तो दांडीवर फेऱ्या मारायचा, ती काम करायची त्या दातांच्या लॅबच्या जुन्या मालकासारखा, म्हणून तर त्या कॉकटील पोपटाचं नाव साहेब पडलं होतं. "साहेब," ती म्हणाली, "अहो साहेब." त्यानं एक डोळा उघडला, तिच्याकडे बघितलं, मिटला. मग तिची नजर वर गेली. खिडकीच्या कट्ट्यावर दादाच्या अकरा कुंड्या ओळीनं मांडलेल्या होत्या, आणि त्यातल्या लांब पट्टेदार पानांच्या कुंडीतून दोरीसारखा एक देठ लोंबत थेट पिंजऱ्याच्या गजांपर्यंत आला होता. देठाच्या टोकाला पानांचा एवढासा झुबका, आणि त्यातल्या एका पानाचा लचका तोडलेला. तिनं चष्मा लावला. तीस वर्षं ती कवळ्या करत होती. मेणावर उमटलेला चावा वाचणं हेच तिचं पोट. पेन्सिलीवरचा चावा, सफरचंदावरचा चावा, एकदा तर शेजारणीच्या दोन पोरांच्या भांडणात दंडावरचा चावा बघून तिनं खरा चावरा शोधून दिला होता. हा चावा साहेबाचा होता. वरून टोकदार, खालून पसरट. कोर्टात शपथेवर सांगितलं असतं तिनं.

तळपायाची आग मस्तकाला गेली. "दादा!" ती ओरडली, आणि दादा बाहेर आला तो अर्धी दाढी झालेला, उरलेल्या गालाला साबण तसाच. "काय झालं, बेबी?" त्रेपन्नाव्या वर्षीही ती त्याची बेबीच होती, आणि आज त्या बेबीनं तिच्या डोक्यात तिडीक गेली. "काय झालं? बघ काय झालं! तुझ्या झाडानं विष घातलं त्याला." तो वाकला. आधी पिंजऱ्यात बघितलं, मग पानाकडे. "ते झाड काही करत नाही," तो हळूच म्हणाला. "काही करत नाही! हा चावा दिसतोय ना? की तोही मीच मारलाय?" तिनं तो झुबका देठापासून खसकन ओढून काढला आणि कवळ्या घालून पाठवायच्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला, पुरावा म्हणून. "मी परत येईपर्यंत या घरात एकही कुंडी दिसता कामा नये. एकही. ऐकलंस?" त्यानं ऐकलं होतं, त्याचं सगळं आयुष्य ऐकण्यातच गेलं होतं. "अगं, ती खिडकी..." एवढंच म्हणून त्यानं हात लांब करून कडी काढली. "खिडकी गेली खड्ड्यात," ती म्हणाली. अंगात कालचाच स्वेटर चढवला, बुटांच्या खोक्यात ओट्याजवळचा टॉवेल अंथरला, साहेबाला दोन्ही हातांनी उचलून त्यात ठेवलं आणि जिना उतरली.

टॅक्सीत खोकं मांडीवर होतं. झाकणाला पेन्सिलीनं पाडलेल्या भोकांतून दिसत काही नव्हतं, नुसती खसखस ऐकू यायची, तीही मधूनमधून. खसखस थांबली की ती झाकणाला कान लावायची आणि परत सुरू झाली की राग यायचा. कुणी बोलावलं होतं याला? महिन्यापूर्वी फोन आला, तुझ्या वहिनीला जाऊन वर्ष झालं, घर खायला उठतं, येऊ का तुझ्याकडे? ती म्हणाली, ये. ये म्हटलं होतं ते माणसाला. माणसामागून टेम्पो आला आणि टेम्पोतून कुंड्या उतरल्या, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेली, जशी काही काचेची. दोन खोल्यांचं घर. खिडकी एकच धड उन्हाची, ती झाडांनी घेतली. आईच्या आजारपणाच्या बारा वर्षांत त्याला यावंसं वाटलं नव्हतं. बारा वर्षं आईचं सगळं तिनं काढलं, आणि हा दर रविवारी फोन करायचा. आई कशी आहे? बरी आहे. तू? बरी आहे. बरं. संपला रविवार. शेवटी शेवटी आईच्या हिरड्या आक्रसत गेल्या, कवळी दर चार महिन्यांनी सैल व्हायची, आणि दर चार महिन्यांनी ती आईच्या तोंडात मऊ मेण घालून म्हणायची, "चाव." आई चावायची, कधीकधी मुद्दाम तिचं बोटही. ते शेवटचं मेण अजून तिच्या टेबलाच्या खणात होतं. दादा आला तो सगळं आटोपल्यावर, आणि चौथ्या दिवशी परत गेला. त्यानंतरच्या आठवड्यात घर इतकं मुकं झालं की स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकून ती दचकायला लागली. मग तिनं साहेबाला आणलं. तो बोलायला शिकला नाही, शीळही घातली नाही त्यानं. किरकोळ घासकाम ती कधीमधी घरी आणायची, त्यातून त्यानं उचलला तो तिच्या मायक्रोमोटरचा आवाज, कवळी घासायच्या त्या हातातल्या यंत्राचा: सुरू होताना बारीक, मग चढत जाणारा, दाताला टेकला की खर्र, आणि बंद करताना उतरत उतरत विझणारा. ती सकाळी स्वयंपाकघरात आली की, संध्याकाळी कामावरून आली की साहेब घासायला बसायचा. सहा वर्षं तो आवाज म्हणजे 'आलीस का' होतं. आज सकाळी तो आवाज झालाच नव्हता, आणि हे तिच्या लक्षात आलं ते आत्ता, टॅक्सी सिग्नलला थांबल्यावर.

पक्ष्यांच्या डॉक्टरांकडच्या मुलीनं खोकं उघडून बघितलं आणि एक शब्द न विचारता ती ते आत घेऊन गेली. "आधी ऑक्सिजनच्या पेटीत ठेवते," ती जाता जाता म्हणाली. मांडी एकदम हलकी झाली. समोर एक बाई ससा घेऊन बसल्या होत्या. "काय झालं हो तुमच्या पक्ष्याला?" त्यांनी विचारलं. "माझ्या भावानं विष घातलं," ती म्हणाली. बाईंनी ससा जरा जवळ ओढून घेतला. ती पिशवीतल्या पानाकडे बघत बसली. असाच तो. गप्प राहून डोक्यावर बसणारा. लहानपणी बाबांचं घड्याळ तिच्या हातून पडलं, काच फुटली, आणि दादा पुढे होऊन म्हणाला, माझ्याकडून पडलं. मार खाल्ला. सगळे म्हणाले, किती गुणी! तिला मात्र तेव्हाही रागच आला होता, कारण ती खरं सांगणारच होती, तोंड उघडलंच होतं तिनं, आणि यानं मधल्यामध्ये तिचा खरेपणा पळवला. उपकार तेवढे तिच्या अंगावर राहिले. आताही तेच चाललं होतं. पहाटे उठून भांडी घासून ठेवायची, न सांगता. तिच्या चपलेचा तुटलेला पट्टा शिवून आणायचा, न सांगता. आणि खिडकी उघडायची. आला त्या दिवसापासून खिडकीचं युद्ध. ती लावायची, हा उघडायचा. घरात पाऊल टाकल्या टाकल्याच यानं नाक मुरडलं होतं: "कसला गं वास येतो घराला?" "हा वास म्हणजे माझं पोट आहे," तिनं सुनावलं होतं, "सोसत नसेल तर टेम्पो अजून खालीच उभा आहे." त्यानंतर वासाचं नाव काढलं नाही त्यानं, पण खिडकी उघडत राहिला. झाडांना हवा लागते ना! झाडांना हवा आणि साहेबाला गारठा. तिनंही त्याला बोलायचं तेवढं बोलून घेतलं होतं. वहिनीचं ते मोठ्या पानांचं झाड, त्यांच्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यात उभं असलेलं, ते टेम्पोतून उतरलं नाही, तेव्हा ती म्हणाली होती, "तेवढंही जपता आलं नाही का तुला?" तो वर्तमानपत्रांच्या घड्या घालत राहिला.

आणि काल संध्याकाळी तर कहर झाला. लॅबमधला दुसरा माणूस काम सोडून गेल्यापासून आठ दिवस ती दुरुस्तीचं कामही घरी आणत होती. काल एका गवयाची खालची कवळी आली, मधोमध दोन तुकडे झालेली, आणि गवयाला आज दुपारी गायला उभं राहायचं होतं. दातांशिवाय माणूस गाणार काय, हवा? ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसली, कवळीच्या प्लास्टिकची पावडर काढली, ती भिजवायच्या लिक्विडची बाटली उघडली, ब्रशच्या टोकानं थेंब थेंब सोडत सांधा भरू लागली. दादा आला, खिडकी उघडली. तिनं लावली. त्यानं परत उघडली. तिसऱ्यांदा तिनं खिडकी लावून कडीखाली खुर्ची सरकवली. "साहेबाला वारा लागतो, कळत नाही?" दादा तिथंच उभा राहिला, काहीतरी म्हणेल असं वाटलं. मग चपला घालून तो फिरायला निघून गेला. तिनं सांधा भरला, घासला, पॉलिश केलं, आणि साहेबाचा पिंजरा आणखी जवळ ओढून घेतला, अगदी टेबलाच्या कडेला, गारठा होता म्हणून.

डॉक्टर सावकाश बोलणारे होते. त्यांनी पिशवीतलं पान बाहेर काढलं, उलटसुलट केलं आणि हसले, आणि त्या हसण्यानं तिचं पित्त खवळलं. "हे? अहो, घरात पक्षी आणि झाडं दोन्ही ठेवायची असतील त्यांना मी स्वतः सांगतो हे ठेवा म्हणून. स्पायडर प्लांट. खाल्लं तरी काही होत नाही." "पण त्यानं खाल्लंय," ती म्हणाली, "चावा मी ओळखते. माझा धंदाच आहे तो." "खाल्लं असेल की. पण त्याचं पोट ठीक आहे. त्रास छातीचा आहे." पान परत द्यायला ते जवळ आले आणि थबकले. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. "रागावू नका, पण तुमच्या अंगाला हा कसला वास येतोय? नेलपॉलिशसारखा. बराच उग्र आहे." तिनं स्वेटरची बाही नाकाशी धरली. लोकर. खरखरीत, कोमट लोकर, बाकी काही नाही. "मला नाही येत." दारातून मुलगी म्हणाली, "मला तर खोकं उघडल्या उघडल्या आला, सर. टॉवेलला आहे." ती स्वतःलाच परत हुंगायला लागली. बाही, मनगट, बोटं. तीस वर्षं ही बोटं त्या लिक्विडमध्ये होती. लॅबमध्ये नवीन आलेल्या पोरी पहिल्या आठवड्यात डोकं धरून बसायच्या, आणि ती त्यांना म्हणायची, नाक मरतं हो पोरींनो, सवय होते. अभिमानानं म्हणायची.

"पक्ष्याची छाती नाजूक असते," डॉक्टर सांगत होते. "आपलं नुसतं डोकं दुखेल एवढ्या वासानं तो जातोसुद्धा. घरात काय काम चाललं होतं?" तिनं सांगितलं. "खिडकी उघडी होती ना?" ती भिंतीवरच्या पोपटांच्या तक्त्याकडे बघत राहिली. तक्त्यातले सगळे पोपट एकाच बाजूला तोंड करून बसले होते. "वाचेल का?" "रात्रभर इथं राहू दे. आशा आहे. पण एक सांगतो, घरात हा वास अजिबात नसेल तेव्हाच मी त्याला सोडणार. आणि तो तुम्हाला कळणार नाही असं दिसतंय. कुणाला तरी विचारून खात्री करा. घरी कोण असतं?" "भाऊ." "हां, झाडं त्यांचीच ना? महिन्यापूर्वी फोन होता एका गृहस्थांचा. बहिणीकडे कॉकटील आहे, मी तिच्याकडे राहायला जातोय म्हणाले. चौदा झाडांची यादी वाचून दाखवली. पाऊण तास. तीन काढायला सांगितली मी. एक मोठ्या पानांचं डिफेनबेकिया होतं, बायकोनं पंचवीस वर्षं वाढवलेलं. दोनदा विचारलं हो त्यांनी, अगदी उंचावर ठेवलं तर चालेल का? मी म्हटलं, पक्ष्याला उंच काय आणि खाली काय."

ती रस्त्यावर आली तेव्हा तिला कुणाला तरी मारावंसं वाटत होतं. तुझ्या पक्ष्याचा डॉक्टर कोण गं, दादानं फोनवर विचारलं होतं, आणि तिनं नंबर दिला होता, तुसडेपणानं, आता यालाही पक्षी पाळायचाय की काय म्हणत. चौदा होती. अकरा आणली. मी विचारलं, तेवढंही जपता आलं नाही का? आणि हा घड्या घालत राहिला. का? एक वाक्य बोलायला याला काय धाड भरली होती? बेबी, तुझ्या साहेबासाठी सोडून आलो ते. संपलं. एवढं बोलला असता तर जीभ झडली असती? तिनं फोन लावला. वाजत राहिला. तो फोन आतल्या खोलीत ठेवायचा आणि स्वतः बाहेर बसायचा, ही आणखी एक तऱ्हा. तिनं घड्याळ बघितलं: दहाला दहा कमी. कचऱ्याची गाडी साडेनऊला येते. मी काहीही म्हणते, ती टॅक्सीत स्वतःशीच म्हणाली, एवढ्या जोरात की टॅक्सीवाल्यानं आरशात बघितलं. मी तोंडाळ आहे, सगळ्या जगाला माहीत आहे, माझं कोण कधी ऐकतं? राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आई म्हणायची. नाकाच्या शेंड्यावर राग होता तेवढाच, बाकी त्या नाकाला काहीच कळत नव्हतं. तिनं परत बाही हुंगली. परत लोकर.

खिडकीच्या कट्ट्यावर अकरा ओले गोल होते आणि दादा ते फडक्यानं पुसत होता. दाढी अर्धीच. खिडकी सताड उघडी, खुर्ची जागेवर. "कसा आहे?" त्यानं विचारलं. "जिवंत आहे. कुंड्या?" "गाडी आली होती." "सगळ्या?" "तू एकही नको म्हणालीस." "मी म्हणाले!" तिचा आवाज फाटला. "मी म्हणाले म्हणून टाकल्यास? मी रोज काय काय म्हणते! मर म्हटलं तर मरशील? वहिनीच्या हातची झाडं ती, कचऱ्याच्या गाडीत... तुझं तोंड शिवलंय का? वास मला येत नाही, तुला येत होता ना? साहेब त्या वासानं पडलाय, माझ्या वासानं, माझ्या! नरडं धरून सांगायचं होतंस मला!" "सांगितलं होतं," दादा म्हणाला. "पहिल्या दिवशी. तू टेम्पो दाखवलास." तो टेम्पो तिला आठवला, आणि आठवला म्हणून ती आणखी भडकली. पिशवीतून तो झुबका काढून तिनं कट्ट्यावर आपटला. "घे. एवढंच उरलंय तुझं."

दादानं तो उचलला. उलटा केला. झुबक्याच्या बुडाशी पांढरे, मऊ, तांदळाच्या कणीएवढे कोंब होते, मुळं होण्याच्या बेतात आलेले. त्यानं त्यांच्यावरून अंगठा फिरवला, आणि मग तिनं त्रेपन्न वर्षांत न ऐकलेली गोष्ट ऐकली. दादा ओरडला. "विचारायचं होतंस!" त्यानं कट्ट्यावर हात आपटला, फडकं खाली पडलं. "एकदा विचारायचं होतंस मला! तिनं पंचवीस वर्षं पाणी घातलं त्या मोठ्या पानांच्या झाडाला, आणि मी ते शेजाऱ्याच्या दारात ठेवून आलो, चोरासारखा, तो दार उघडायच्या आत पळालो. तुझ्या पक्ष्यासाठी! आणि तू मला विचारतेस, जपता आलं नाही का? आईच्या वेळीसुद्धा... दर रविवारी म्हणायचीस, बरी आहे, बरी आहे. ये म्हणाली असतीस तर आलो नसतो मी?" "न बोलावता यायचं होतंस!" "कसं यायचं? तुझ्या दारात पाय ठेवायला भीती वाटते माणसाला!" समोरच्या इमारतीत कुणीतरी खिडकी लावून घेतली. साबण वाळलेला तो अर्धा गाल थरथरत होता, आणि ती बघत राहिली: म्हातारा झालाय, वरचे दोन दात गेलेत, चावा डावीकडून ढळलाय, आणि हे एक महिना आपल्या समोर जेवत होतं. तिला त्याचा मनापासून राग आला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या रागाला समोरून कुणीतरी भेटलं होतं.

तिनं कवळी भिजत ठेवायचा एक कप धुऊन, त्यात पाणी घालून कट्ट्यावर आपटला, आणि दादानं तो झुबका त्यात उभा केला, फक्त बूड बुडेल एवढाच. ती कामाला लागली. गवयाची कवळी लॅबला पोचती केली आणि येताना तिथं सांगून आली की आजपासून घरी काम नाही, जमत नसेल तर दुसरी बघा. पावडर, लिक्विड, ब्रश, मेणाचे तुकडे, सगळं एका पेटीत भरून लॅबमध्ये ठेवून आली होती. पडदे काढले, टॉवेल, चादरी, स्वेटर साबणाच्या पाण्यात घातले, टेबल घासलं, पिंजरा उकळत्या पाण्यानं धुतला. दादा वाळत घालत होता. दाढी त्यानं पुरी केली होती. दुपारी चारला फोन वाजला, डॉक्टरांकडची मुलगी. आवाजात भीती होती. "मॅडम, सर बाहेर गेलेत. तुमचा पक्षी उठून बसलाय, पण विचित्र आवाज काढतोय. घरघर लागल्यासारखा. चढतोय आणि मग एकदम उतरतोय. मला कळत नाही काय करू." "फोन त्याच्याजवळ धरा," ती म्हणाली. आधी नुसती शांतता. मग बारीक, दमलेला, अडखळणारा, पण चढत गेला, टेकला, खर्र झालं, आणि उतरत उतरत विझला. दादा हातात ओली चादर घेऊन दारात उभा होता, पाणी जमिनीवर ठिबकत होतं. दादानं पुढे येऊन तिच्या हातून फोन घेतला. "घाबरू नका," तो म्हणाला, "घासतोय तो. कामाला लागलाय."

फोन ठेवल्यावर ती तशीच आत गेली आणि पिळून ठेवलेला स्वेटर घेऊन आली. नाकाशी धरला, ओली लोकर. आयुष्यात तिनं दादाला कधी काही विचारलं नव्हतं, नुसतं सुनावलं होतं, त्यामुळे विचारायचं कसं ते तिला नीट जमलं नाही. तिनं स्वेटर त्याच्या तोंडासमोर धरला, जवळजवळ नाकावरच दाबला. "येतोय?" दादानं तिच्याकडे बघितलं. जन्मभराच्या सवयीनं तो नाही म्हणणार होता, तिला दिसलं ते, ओठ तसे झालेच होते. "खरं सांग," ती म्हणाली. "येतोय," तो म्हणाला. तिनं स्वेटर परत बादलीत टाकला, नळ सोडला आणि बाह्या वर केल्या.